धवल्यांसाठी निवडलेला बोर्ड

कॉम्प्युटर घ्यायला आलेला माणूस प्रोसेसर कुठला ते विचारतो, रॅम किती ते विचारतो, आणि बायको बरोबर असेल तर ती कॅबिनेटचा रंग विचारते. मदरबोर्डाबद्दल कोणी विचारत नाही. विचारलंच तर 'चांगला टाका' एवढंच. चांगला म्हणजे कुठला, हे ठरवण्याचं काम डोंबिवली पूर्वेच्या एका गल्लीत बसून मी जवळजवळ तीस वर्षं केलं. गेल्या वर्षी शटर खाली ओढलं ते कायमचं.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून सांगायला आलेल्या बाईंनी 'धंद्यातल्या गमतीजमती' असा विषय दिला होता. गमती आहेत. दोन सांगतोही. पण घरी येऊन कागद पुढे घेतला तेव्हा मला एकच काम आठवत राहिलं, आणि त्यात गंमत काही नाही. बाईंनी ते छापायचं की नाही ते ठरवावं.

आधी हा बोर्ड म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मदरबोर्ड म्हणजे आपल्या डोंबिवलीतली एखादी हाउसिंग सोसायटी समजा. प्रोसेसर हा तिचा चेअरमन. नाव त्याचं, मान त्याचा. पण पाणी किती वाजता सोडायचं, पार्किंग कोणाला, गच्चीची चावी कोणाला, हे सगळं सेक्रेटरी बघतो. बोर्डावरचा हा सेक्रेटरी म्हणजे चिपसेट. नखाएवढी चीप, वर अॅल्युमिनियमचं झाकण. डिस्क किती जोडता येतील, मागे यूएसबीची किती भोकं चालतील, प्रोसेसरला जास्त पळवता येईल की नाही, हे तो ठरवतो. दोन डिस्क जुळ्या बहिणींसारख्या चालवता येतील की नाही, हेही तोच. जुळ्या म्हणजे एकीवर काही लिहिलं की दुसरीवर त्याच क्षणी आपोआप लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरीत सगळं शाबूत. याला आम्ही मिरर म्हणतो.

कुठल्या बोर्डावर कुठला सेक्रेटरी आहे ते नावातल्या अक्षरावरून कळतं. मी जे बोर्ड जास्त विकायचो त्यांत स्वस्तातला एच, मधला बी आणि वरचा झेड. एचवर मिरर होत नाही. घरगुती गिऱ्हाइकाला त्याची गरजही नसते. म्हणून मी आयुष्यभर लोकांना एच घ्यायला लावला. दुसरे दुकानदार गिऱ्हाइकाला वर चढवतात, मी खाली उतरवतो, असं मी मिशीवर ताव देऊन सांगायचो. लोकही दुवा द्यायचे. 'परबांकडे जा, फुकटचा खर्च करू देत नाहीत,' हीच माझी जाहिरात.

कळव्याचा एक जिम ट्रेनर आलेला. त्याला झेड बोर्ड हवा होता, लाल निळे दिवे लागणारा. प्रोसेसर मात्र असा निवडलेला की त्याचा वेग वाढवताच येत नाही, कंपनीनेच कुलूप घातलेलं. मी म्हटलं, "अरे, घोडा बांधलेला आहे आणि तू लगाम चांदीचा घेतोयस."

तो म्हणाला, "काका, आप समझे नहीं. लुक पाहिजे लुक." माझ्याकडून न घेता दुसरीकडून घेऊन गेला. महिन्याभराने तोच कॅबिनेट उचलून माझ्याकडे, दिव्यांची वायर सुटली म्हणून. वायर लावून दिली. तेवढंच समाधान.

दुसरे खडवलीचे. स्टेशनजवळ ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. सातबारा, दाखले, पीक विमा. ते गृहस्थ स्वतःहून स्वस्त एच मागत होते. मी त्यांना समोर बसवलं आणि काय काय जोडणार ते विचारलं. प्रिंटर दोन, बोटांचे ठसे घ्यायचं मशीन, डोळ्यांचं मशीन, कॅमेरा, स्कॅनर, शिवाय लोक येतात ते पेनड्राइव्ह घेऊन. त्यांना मी सक्तीने बी दिला. अजून चालू आहे तो. काम विचारल्याशिवाय बोर्ड निवडायचा नाही, हा माझा नियम होता आणि नवीन दुकानदारांना मी तो फार ऐटीत शिकवायचो. तो मी एकदा मोडला.

हिराजी म्हात्रे हे मानपाड्याच्या पलीकडच्या गावातले. आगरी कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. आजोबा मिठागरावर आणि भातशेतीवर राबलेले, आता शेताच्या जागी इमारती. वय माझ्याएवढंच, साठीच्या आसपास. गळ्यात जाड चेन, बोटात दोन अंगठ्या, पांढरा शर्ट. गल्लीच्या तोंडाशी मोठी गाडी लावून ते चालत आले आणि स्टुलावर बसत म्हणाले, "भाऊ, कंप्युटर पायजे. पन त्यात दोन डिस्का. एकीत टाकला का दुसरीत आपसूक गेला पायजे. माझी भाची बोलली, तसा बोर्ड मिलतो."

मी विचारलं, "ठेवायचं काय त्यात?"

"आयचे धवले."

धवले म्हणजे आगरी लग्नातली विधीची गाणी. हळद, मांडव, तेलवण, पाठवणी, प्रत्येक विधीचा वेगळा धवला. ते म्हणणारी बाई धवलारीण. पूर्वी तिच्याशिवाय त्यांच्यात लग्न लागायचं नाही. हिराजीशेठची आई, नाथीबाय, आजूबाजूच्या गावांतली नावाजलेली धवलारीण होती. हे मला सगळं नंतर समजलं. त्या दिवशी 'धवले' हा शब्द ऐकून मी हसलो आणि म्हटलं, "गाणी होय! शेठ, गाणी तर पेनड्राइव्हवर मावतात. त्याला मिरर कशाला?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्यात बियान्याचा भात एका कनगीत कवा ठेवला नाय, भाऊ. अर्धा आपल्या घरान, अर्धा भावाच्या घरान. एक घर जलला तर दुसऱ्या घरचा पेरायचा."

काय नेमकं सांगत होता हा माणूस! याहून सोप्या शब्दांत मिरर मी आयुष्यात कोणाला समजावून सांगितला नाही. पण माझं लक्ष त्यांच्या चेनीकडे होतं. जागेचा पैसा आलाय, भाचीने कानात काहीतरी घातलंय आणि शेठना मोठं काहीतरी घेतल्याचं समाधान हवंय, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कोकणातून आलेल्या, दोन खोल्यांचे हप्ते फेडत म्हातारा झालेल्या माझ्यासारख्याला अशा माणसाबद्दल जी अढी असते ती माझ्यात होती. आणि खरं लिहायचं तर एक एच बोर्ड सहा महिने माझ्या फळीवर पडून होता, तो खपत नव्हता.

मी माझं नेहमीचं भाषण दिलं. बी बोर्ड म्हणजे फुकटचा खर्च. त्यापेक्षा एच घ्या, दोन डिस्क मी लावून देतो, दर शनिवारी पहिलीतलं दुसरीत हाताने कॉपी करायचं. पाच मिनिटांचं काम.

"आपसूक नाय होनार?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"शेठ, आपोआप होणाऱ्या गोष्टीवर माणसाने विसंबू नये. हाताने केलेलं खात्रीचं."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. त्यांनी मान डोलावली. शिकलेला माणूस सांगतोय म्हणून ऐकलं. सॉफ्टवेअरमधून डिस्क जुळवायचीही एक वाट असते, तीही मी धरली नाही. कोण खटपट करणार.

मशीन बसवायला मी त्यांच्या घरी गेलो. तीन मजली बंगला, पण नाथीबाय खालच्या पडवीत राहायच्या, तिथेच टेबल मांडलेलं. पंचाऐंशीच्या असतील. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, पाय सुजलेले. हिराजीशेठची मुलगी दीप्ती तिथेच होती, एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत कामाला. तिचं लग्न ठरायचं होतं. नाथीबायना ठाऊक होतं की आपण काही तोवर राहत नाही. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की नातीचं अख्खं लग्न आधीच गाऊन ठेवायचं. सुपारी फुटल्यापासून पाठवणीपर्यंत. रोज दुपारी जेवढं जमेल तेवढं.

"माज्या मागारी कोनाला येत नाय," त्या मला म्हणाल्या. "पोरींना डीजे पायजे. दीप्तीचा लगीन मी लावनार. मी नसले तरी मीच लावनार."

मी म्हटलं, इंटरनेटवर ठेवा ना, तिथे हरवत नाही. हिराजीशेठ एकदम तापले. कोणीतरी नाथीबायचा एक धवला मोबाइलवर घेऊन त्याच्याखाली ढोल बडवून हळदीत वाजवला होता. पोरं त्यावर बाटल्या डोक्यावर घेऊन नाचली. म्हातारी दोन दिवस जेवली नव्हती. तेव्हापासून घरात नियम, आवाज बाहेर जाणार नाही, कोणाला दिला जाणार नाही, लग्न होईपर्यंत या पेटीतच राहणार. म्हणजे एवढी एकच कणगी, आणि तिची राखण मी ठरवणार होतो.

शेठना सोपं पडावं म्हणून मी धवल्यांच्या फोल्डरचं चित्र समोरच्या पडद्यावर आणून ठेवलं. याला शॉर्टकट म्हणतात. खरा फोल्डर आत कुठेतरी असतो, पडद्यावर असते ती फक्त त्याच्या नावाची पाटी. पाटीवर टिचकी मारली की घर उघडतं. मग कॉपी कशी करायची ते दाखवलं. दुसऱ्या डिस्कमध्ये त्या शनिवारच्या तारखेचा फोल्डर करायचा, पडद्यावरचं धवल्यांचं चित्र धरायचं आणि त्यात नेऊन सोडायचं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. दोनदा करून दाखवलं. मी शाबासकी दिली आणि चहा पिऊन निघालो. दाखवताना मी स्वतः काय केलं ते माझ्या लक्षात आलं नाही. घाईत होतो. कल्याणला एका क्लासची चार मशीनं पडलेली होती.

नाथीबाय दीड वर्ष गायल्या. मध्ये एकदा शेठ बाजारात भेटले, तेव्हा म्हणाले, "तेलवन झाला, मांडव झाला, आता पाठवनीचा चाललाय. आय रडते गाताना, मग थांबवाया लागते." दर शनिवारी कॉपी न चुकता करतो, हेही त्यांनी अभिमानाने सांगितलं. कॉपी केल्यावर दुसऱ्या डिस्कवरचं उघडून, एक धवला वाजवून बघतो, मगच बंद करतो म्हणाले. मी म्हटलं, असं गिऱ्हाईक हजारात एक.

पाठवणी पूर्ण झाली आणि महिन्याभरात नाथीबाय गेल्या. दीप्तीचं लग्न ठरलं ते वैशाखातलं.

फाल्गुनात एका सकाळी शेठ दुकानात आले. कॅबिनेट गोधडीत गुंडाळून आणलेलं, लहान मूल आणावं तसं छातीशी धरून. काल चालू केला तर टिकटिक वाजतो आणि पडदा काळाच राहतो म्हणाले. मी कान लावला. पहिली डिस्क गेली होती. आतली सुई चकतीवर आपटत होती. हा आवाज मी हजार वेळा ऐकलाय. डॉक्टरला जसं नाडी धरल्यावर कळतं तसं कळतं.

"काळजी नको," मी म्हटलं. "दुसरी डिस्क आहे ना. हाताने केलेली कॉपी आहे. म्हणूनच तर मी सांगितलं होतं."

हे शेवटचं वाक्य मी बोललो, ते मला विसरता येत नाही.

दुसरी डिस्क काढून माझ्या टेबलावरच्या मशीनला जोडली. फोल्डर दिसले. एकाखाली एक, शनिवारच्या तारखा, एकही चुकलेली नाही. शेठ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि हसत होते. "बगा, सगले हायेत. एक शनवार नाय सोडला. आय गेली त्या आठवड्यात पन केला."

पहिला फोल्डर उघडला. आत धवल्यांचं ते चित्र, आणि त्याच्या कोपऱ्यात छोटासा बाण. बाण म्हणजे शॉर्टकट. मी दुसरा फोल्डर उघडला. तिसरा. मग भराभर सगळे. प्रत्येकात तेच चित्र आणि तोच बाण. दीड वर्ष दर शनिवारी त्या माणसाने घराच्या नावाची पाटी कॉपी केली होती. घर पहिल्या डिस्कवरच होतं. दुसऱ्या डिस्कवरचं चित्र उघडलं की धवले वाजायचे, कारण पाटी पहिल्या डिस्कवरच्या घराकडेच नेत होती. त्यांनी दर वेळी तपासलं होतं आणि दर वेळी ते बरोबर निघालं होतं.

ते चित्र ओढायला मीच शिकवलेलं. वही त्यांच्या खिशात होती. त्यांनी ती काढली आणि बोट ठेवून वाचायला लागले, कुठली पायरी चुकली ते शोधायला.

"माजाच कायतरी चुकला न, भाऊ?"

मी 'बघू' म्हटलं. मुंबईत एक जण आहेत, मेलेल्या डिस्कमधून माहिती काढून देतात, तिकडे पाठवतो म्हणालो. शेठ गोधडी घडी करून, काखेत घेऊन गेले.

त्या मुंबईच्या माणसाने आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत मी शेठना खरं सांगितलं नाही. डिस्कमधून निघालं तर प्रश्नच मिटला, असा हिशेब. आठव्या दिवशी फोन आला. चकतीवर चरे पडलेत, टिकटिक वाजत असताना कोणीतरी पुन्हा पुन्हा चालू केलंय, आता काही निघणार नाही. पुन्हा पुन्हा चालू करून बघणारा माणूस कोण असणार ते मला कळलं. आईचा आवाज येतोय का ते तो बघत होता.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पडवीत शेठची थोरली बहीण आलेली होती. मी दारात असतानाच ती भावाला म्हणत होती, "यवरा सांभालता आला नाय तुला? आयला दुसऱ्यांदा मारलास तू." शेठ खाली मान घालून बसले होते. दीप्ती आत स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. आठ दिवस या घरात हेच चाललं असणार.

मग मी सांगितलं. उभ्यानेच. कॉपी करायला मी चुकीची शिकवली. त्यांनी मी सांगितलं तसंच केलं, एका अक्षराचा फरक केला नाही. आणि मुळात त्यांनी मागितलेला बोर्ड मी दिला असता तर कॉपीचा प्रश्नच आला नसता. तो बाजारात होता. मी दिला नाही. डिस्कमधून काही निघत नाही, हेही त्यातच सांगून टाकलं.

शेठनी मान वर केली.

"तुमी हसलेले तवा," ते म्हणाले. "मी धवले बोललो आनि तुमी हसलेले. मना वाटला, शिकलेला मानूस हसतो म्हंजे आपलाच कायतरी येड्यावानी हाय."

मी म्हटलं, "शेठ, वेडेपणा माझा."

"आता बोलून काय करता?" बहीण म्हणाली. दीप्तीने पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो. त्या घरात त्या दिवशी मला कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढचे काही दिवस मी दुकानातला प्रत्येक पेनड्राइव्ह, जुनी डिस्क, स्वतःचा लॅपटॉप, सगळं उपसलं. आशेला आधार काही नव्हता. पण लॅपटॉपमधल्या 'टेस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये एक फाइल सापडली. मशीन बसवायच्या दिवशी माईक नीट आहे की नाही ते आधी माझ्या लॅपटॉपला लावून बघितलं होतं. नाथीबायना म्हटलेलं, म्हणा काहीतरी. त्यांनी हळदीचा धवला सुरू केला होता. सगळी मिळून वीस-बावीस सेकंदं.

ती मी शेठना ऐकवली. दुकानात, हेडफोनवर. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी माझा आवाज येतो, गाणं मध्येच तोडणारा, आणि त्याच्याखाली नाथीबायचे आणखी काही शब्द आहेत. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळलेत. मी म्हटलं, माझा आवाज लागतो तिथून कापून देतो, आधीचं स्वच्छ आहे.

"तुमच्या खाली आय बोलते हाय न?"

"हो. पण वेगळं काढता येत नाही."

"मंग रेवंदे. आयचा एक शबूद कापायचा नाय."

हळदीला मला बोलावणं आलं. जायची छाती नव्हती, बायको म्हणाली जायलाच हवं. ऊन उतरायच्या वेळी पोचलो. अंगणात मांडव, एका बाजूला डीजेचे माणसापेक्षा उंच स्पीकर, पोरं तयारीत. दीप्ती पाटावर बसलेली. हळदीचं ताट पुढे आलं तेव्हा शेठनी हात वर करून डीजेला थांबवलं आणि आपला मोबाइल त्या माणसाच्या हातात दिला. मोबाइलमध्ये एवढा एकच धवला होता.

नाथीबायचा आवाज मांडवात आला. म्हातारा, किंचित फाटलेला, पण सुराला पक्का. पुढे बसलेल्या वयस्कर बायकांनी पदर सावरले. पहिली ओळ संपली आणि त्यांनी ती उचलली, जशी त्यांना लहानपणापासून सवय असेल तशी. धवलारीण म्हणणार आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. शेठची बहीण सगळ्यांत मोठ्याने म्हणत होती. दुसरी ओळ आली, तीही त्यांनी उचलली. एकीने दीप्तीच्या गालाला हळद लावली. तिसरी ओळ सुरू झाली.

"बास आजी, बास," मांडवभर माझा आवाज आला. "येतोय आवाज. पुरे झालं."

त्याखाली नाथीबाय थोडंसं गात राहिल्या, मग 'झाला का रं बाला?' असं विचारलं आणि संपलं.

बायका तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबल्या. पुढची ओळ कोणाला येत नव्हती. एकमेकींकडे बघून झालं, एक-दोघींनी आठवून बघितलं, जमलं नाही. माझ्याकडे कोणी बघितलं नाही, तो आवाज कोणाचा हे तिथे मी, शेठ, त्यांची बहीण आणि दीप्ती, अशा चौघांनाच माहीत होतं. दीप्तीने हळदीचे हात तसेच पुढे धरले होते.

"अजून एकदा लाव, बाबा," ती म्हणाली.

शेठनी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. बायका तिन्ही वेळा तेवढ्याच उमेदीने म्हणायला लागल्या, आणि तिन्ही वेळा मी नाथीबायना गप्प केलं.